मॉरल टर्पिट्यूड म्हणजे नक्की काय, आणि फॉर्ममध्ये ते विचारतात कशाला

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला, आवाज एकदम टेन्शनमधला. "मावशी, झोपली नव्हतीस ना? एक इंग्रजी शब्द विचारायचाय." त्याचं एका बँकेत सिलेक्शन झालंय, जॉइनिंगच्या आधी तो जाडजूड फॉर्म भरून द्यायचा असतो ना, तो भरत बसला होता आणि एका रकान्यापाशी येऊन अडकला. प्रश्न असा होता की मॉरल टर्पिट्यूड असलेल्या कुठल्याही गुन्ह्यात कोर्टाने तुम्हाला कधी दोषी ठरवलंय का, हो की नाही. आता झालंय काय, की कॉलेजात असताना हा मित्रांबरोबर ट्रिपल सीट जाताना पकडला गेला होता, लायसन्सही घरी राहिलेलं, दंड वेळेत भरला नाही म्हणून ते प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे जाऊन भरावा लागला. त्यामुळे हा रडकुंडीला आलेला, की "हो" लिहिलं तर नोकरी जाईल आणि "नाही" लिहिलं तर खोटं बोलल्यासारखं होईल. मागून ताईचा, म्हणजे त्याच्या आईचा, आवाज येत होता, "अरे नाही लिही आणि मोकळा हो!"

मी बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवलं, शब्द मला माहीत होता, त्याचा लॅटिन धागादोरा माहीत होता, पण तो शब्द एखाद्या पोराची झोप उडवतो तेव्हा डिक्शनरीतला अर्थ पुरत नाही हे त्या रात्री मला चांगलंच कळलं. "दुष्टपणा, नीचपणा" असं सांगून मी मोकळी होऊ शकले असते. पण मग त्याने विचारलंच असतं की ट्रिपल सीट जाणं नीचपणा आहे का. म्हणून वकील मैत्रिणीला गाठलं, निकाल वाचले, आणि आता सगळं एका जागी लिहून ठेवतेय, कारण हा शब्द फक्त बँकेच्या फॉर्मवर नाही, पासपोर्टच्या कायद्यात आहे, वकिलीच्या सनदेत आहे, ग्रॅच्युइटीत आहे आणि अमेरिकेच्या व्हिसातही आहे.

आधी शब्द बघू. उच्चार टर्पिट्यूड, अमेरिकन लोक टर्पिटूड म्हणतात. शेवटचं "ट्यूड" आपल्या ओळखीचं आहे, ग्रॅटिट्यूड, सॉलिट्यूड, अल्टिट्यूड, सगळीकडे तेच, म्हणजे आपल्या "पणा"सारखं, एखाद्या गुणाचं नाव करणारं शेपूट. आणि पुढचा तुकडा येतो लॅटिनमधल्या "टर्पिस" वरून, त्याचा मूळ अर्थ कुरूप, घाण, बघवत नाही असं. म्हणजे शब्दशः बघायला गेलं तर टर्पिट्यूड म्हणजे कुरूपपणा, पण चेहऱ्याचा नाही, वागण्याचा. (रंगकामातलं टर्पेंटाइन याचं कुणी लागत नाही बरं का, ते एका झाडाच्या नावावरून आलंय, आमच्या वर्गात दर वर्षी कुणीतरी हे विचारायचंच.)

मला हे चित्र फार महत्त्वाचं वाटतं. कारण वाईटपणासाठी इंग्रजीत जे जड जड शब्द आहेत ना, ते सगळे आपल्या पोटात एकेक चित्र घेऊन बसलेत. डिप्रॅव्हिटी घ्या, त्याच्या मुळाशी आहे "प्रॅव्हस", म्हणजे वाकडं, आपण नाही का म्हणत पोरगं वाकड्या वाटेला लागलं, वाकडं पाऊल पडलं, अगदी तेच. इनिक्विटी म्हणजे जे समान नाही, सपाट नाही, तराजूचं एक पारडं खाली गेलेलं, म्हणून त्यात अन्यायाचा वास आहे. नेफेरियसमध्ये देवाधर्माने जे चालत नाही ते केल्याचा अर्थ आहे. आणि व्हिलन हा शब्द तर मला ऐकवत नाही इतका अन्यायाचा आहे, तो लॅटिनमधल्या "व्हिला" वरून, म्हणजे शेतावरच्या वाड्यावरून आलाय, व्हिलन म्हणजे मुळात शेतात राबणारा गडी, आणि वरच्या लोकांनी त्या गरिबाला असभ्य, मग नीच, मग खलनायक करून टाकलं. शब्द कुणाच्या तोंडून घडतो यावर बरंच असतं.

तर या सगळ्यांत टर्पिट्यूडचं चित्र वेगळं आहे. वाकडेपणा नाही, अन्याय नाही, पाप पण नाही. बघणाऱ्याला किळस यावी असं काहीतरी. मराठीत मला त्याच्या सगळ्यात जवळचा शब्द सापडला तो "ओंगळपणा". आपल्याकडे ओंगळ हे घाणीलाही म्हणतात आणि वागण्यालाही, "शी, काय ओंगळ माणूस आहे" असं म्हणताना आपण त्याच्या कपड्यांबद्दल बोलत नसतो. टर्पिसचंही तसंच झालं, आधी नजरेला घाण, मग मनाला घाण. "तोंड काळं केलं" मधेही तीच गंमत आहे, कृत्य वाईट आणि डाग चेहऱ्यावर.

सरकारी आणि कायद्याच्या मराठीत मॉरल टर्पिट्यूडला "नैतिक अधःपतन" म्हणतात. भरतीच्या जाहिराती वाचणाऱ्या पोरांनी हा शब्द हजार वेळा पाहिला असेल. वाईट नाही, भारदस्त आहे, पण माझं त्याच्याशी पूर्ण जमत नाही. पतन म्हणजे पडणं, आणि पडतो तो आधी वर होता असं त्यात येतं, शिवाय पडणं हा अपघातही असू शकतो. टर्पिट्यूडमध्ये अपघाताला जागाच नाही. माणसाच्या आत काहीतरी घाण आहे आणि ती कृत्यातून बाहेर आली, असं तो शब्द म्हणतो. पुढे कोर्टांनी जे जे म्हटलंय ते या एका फरकातून समजतं, म्हणून इथे जरा थांबले.

वापराबद्दल एक सोपी गोष्ट. आजच्या इंग्रजीत टर्पिट्यूड एकटा फारसा फिरतच नाही, दहातल्या नऊ वेळा आधी "मॉरल" असतंच, आणि तेही कायद्यात नाहीतर कॉन्ट्रॅक्टमध्ये. बोलताना कुणी म्हणत नाही की माझा शेजारी फार टर्पिट्यूडवाला आहे. निबंधात इम्प्रेशन मारायला पोरं वापरतात, पण तिथे तो फुगलेला दिसतो. कुणी उशिरा आलं, कुणी उर्मट बोललं, कुणी कॉपी केली, यासाठी हा शब्द नाही, तिथे साधं बॅड किंवा डिसऑनेस्ट पुरतं. एकट्याने वापरलेलं सुंदर उदाहरण शेक्सपिअरच्या अँटनी अँड क्लिओपात्रा नाटकात आहे. एनोबार्बस हा अँटनीचा जुना, भरवशाचा माणूस, पण अँटनी हरतोय असं दिसल्यावर तो त्याला सोडून शत्रूच्या छावणीत जातो. अँटनीला कळतं, आणि तो चिडत नाही, उलट एनोबार्बसची मागे राहिलेली सगळी संपत्ती त्याच्याकडे पाठवून देतो. तेव्हा हा माणूस आतून कोसळतो आणि स्वतःच्या वागण्याला जो शब्द वापरतो तो टर्पिट्यूड. त्याने चोरी केलेली नाही, खून केलेला नाही, कुठल्या कोर्टात त्याला शिक्षा होणार नाही. तरी त्याला स्वतःची किळस येते. वर्गात हा प्रसंग सांगितल्यावर शब्दाचा अर्थ परत कधी सांगावा लागायचा नाही.

आता हा शब्द कायद्यात कसा घुसला ते बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

त्याचं मूळ कूळ जुन्या रोमन कायद्यातलं. एक लॅटिन म्हण वकील अजून वापरतात, "एक्स टर्पी कॉझा नॉन ओरिटर ॲक्शिओ", म्हणजे ओंगळ कारणातून दावा उभा राहत नाही. त्यातला "टर्पी" म्हणजे आपलाच टर्पिस. याची एक खरी केस आहे, इंग्लंडमधली, १७२५ सालची. दोन वाटमारे, म्हणजे घोडेस्वारांना आणि बग्ग्यांना अडवून लुटणारे, पार्टनरशिपमध्ये धंदा करायचे, आणि वाटणीवरून भांडण झालं तर त्यातला एक चक्क कोर्टात गेला, की माझ्या पार्टनरने हिशोब दिला नाही. अर्जात अर्थातच लुटमार असं लिहिलेलं नव्हतं, गोलमोल भाषेत व्यापार म्हटलं होतं. कोर्टाने ओळखलं, दावा फेकून दिला, वकिलांना दंड केला, आणि पुढे ते दोघेही फासावर गेले. आपल्या १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमधलं कलम २३ हेच तत्त्व सांगतं, कराराचा हेतू अनैतिक असेल तर तो करार कोर्ट मानत नाही.

"मॉरल टर्पिट्यूड" ही जोडी मात्र अमेरिकेत रुजली, आणि सुरुवातीला ती बदनामीच्या केसमध्ये वापरली जायची. प्रश्न असायचा की कुणी तुमच्यावर गुन्ह्याचा आरोप करून तोंडी बदनामी केली तर तुमचं नुकसान झालं हे वेगळं सिद्ध करावं लागेल का. न्यूयॉर्कच्या कोर्टाने १८०९ साली उत्तर दिलं की आरोप मॉरल टर्पिट्यूडच्या गुन्ह्याचा असेल तर नाही, कारण तसा आरोपच माणसाची अब्रू घालवायला पुरेसा आहे. बघा, इथेही प्रश्न गुन्हा किती मोठा हा नाही, लोकांच्या नजरेत माणूस उतरतो का हा आहे. मग १८९१ च्या इमिग्रेशन कायद्यात अमेरिकेने हे शब्द उचलले आणि असा गुन्हा केलेल्या परदेशी माणसाला देशात घ्यायचं नाही असं ठरवलं. व्याख्या मात्र दिली नाही. आजही त्या कायद्यात व्याख्या नाही!

आणि व्याख्या नसली की काय होतं याचं एक नमुनेदार उदाहरण १९२६ चं आहे. व्हेरा, काउंटेस ऑफ कॅथकार्ट नावाची ब्रिटिश बाई स्वतः लिहिलेलं नाटक बसवायला जहाजाने न्यूयॉर्कला आली. तिचा घटस्फोट झालेला होता आणि त्याचं कारण अर्ल ऑफ क्रेव्हन नावाच्या उमरावाबरोबरचे संबंध. अधिकाऱ्यांनी विचारल्यावर तिने ते खरं खरं सांगितलं, आणि तेवढ्यावर तिला एलिस आयलंडला, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना तपासायच्या न्यूयॉर्कजवळच्या बेटावर, अडकवून ठेवलं, व्यभिचार म्हणजे मॉरल टर्पिट्यूड म्हणून. तो अर्ल मात्र आधीच अमेरिकेत येऊन राहिलेला होता, त्याला दारात कुणी अडवलं नव्हतं. बायकांच्या संघटनांनी याच्यावर आवाज उठवला, पेपरांत रान उठलं, आणि शेवटी कोर्टाने तिला सोडलं, पण कशावर, तर ते संबंध जिथे होते त्या दक्षिण आफ्रिकेत व्यभिचार हा गुन्हाच नव्हता, म्हणून. म्हणजे तिचं वागणं ओंगळ होतं का नव्हतं यावर कोर्टाने हात घातलाच नाही. मला ही गोष्ट वाचून खूप राग आला होता, अजून येतो, कारण एकच गोष्ट दोघांनी केली आणि किळस मात्र फक्त बाईची आली.

पुढे १९५१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे सरळ हाच प्रश्न गेला की इतका धूसर शब्द कायद्यात चालतो का. केस दारूवरचा टॅक्स बुडवण्याच्या कटाची होती. बहुमताने म्हटलं, फसवणूक असेल तिथे मॉरल टर्पिट्यूड असतंच, हे कायम मानलं गेलंय, त्यामुळे शब्द धूसर नाही. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी मात्र विरोधात लिहिलं, की ज्याची नीट व्याख्या कुणालाच करता येत नाही अशा शब्दावर माणसाला देशाबाहेर काढायचं, हे बरोबर नाही. माझं मत जॅक्सन यांच्या बाजूचं आहे, हे सरळ सांगते. पण निकाल बहुमताचा चालतो, आणि "फसवणूक आली की टर्पिट्यूड आलं" हा धागा तिथून पक्का झाला.

आता आपल्याकडे या. भारतात पण कुठल्याच कायद्यात याची व्याख्या नाही, जे काही आहे ते कोर्टांनी केस बघून ठरवलेलं. सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, आणि त्याची कहाणी माझ्या भाच्याच्या कहाणीच्या फार जवळची आहे. हरियाणातला एक साधा सरकारी कर्मचारी. त्याला जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खाली, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी अश्लील वागणं किंवा गाणं म्हणणं, त्याखाली दोषी ठरवलं होतं आणि दंड किती, तर वीस रुपये. वीस! आणि त्यावरून नोकरी गेली. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मॉरल टर्पिट्यूड म्हणजे मुळातच हलकट, नीच, सडक्या मनाचं वर्तन, आणि कलम २९४ खालची प्रत्येक गोष्ट आपोआप त्यात बसत नाही, आधी त्याने नेमकं काय केलं ते बघा. त्याच्यापुढे जाऊन कोर्टाने संसदेला सुचवलं की दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाच्या किरकोळ प्रकरणांना सरकारी नोकरीसाठी शिक्षा समजू नये असं काहीतरी करा.

मग हे ओळखायचं कसं? याला साठच्या दशकात अलाहाबाद हायकोर्टाने तीन प्रश्न दिलेत, आणि वकील मंडळी अजून तेच घेऊन बसतात. पहिला, या कृत्याने समाजाच्या मनाला धक्का बसतो का. दुसरा, करणाऱ्याचा हेतू नीच होता का. आणि तिसरा, यामुळे तो माणूसच भ्रष्ट मनाचा ठरतो का, लोकांनी त्याला हलकं समजावं असं होतं का. नीट बघितलंत तर तिन्ही प्रश्नांत शिक्षा किती वर्षांची हे कुठेच नाही. मैत्रिणीने मला आणखी एक जोडी सांगितली, काही गोष्टी मुळातच वाईट असतात आणि काही फक्त कायद्याने मनाई केलीय म्हणून वाईट ठरतात. चोरी करायला बंदी घालणारा कायदा उद्या रद्द झाला तरी चोरी घाणच वाटेल. डबल सीटची मर्यादा तीन माणसांची केली तर ट्रिपल सीटमध्ये काही राहणार नाही. भाच्याला हे एवढं सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा श्वास सोडला.

मारामारीचं काय, हे बऱ्याच जणांना विचारायचं असतं, कारण गावाकडे बांधावरून, पाण्यावरून, मिरवणुकीतून केस झालेली पोरं खूप आहेत. स्टेट बँकेच्या एका कर्मचाऱ्याची अशीच केस २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात आली. बँकिंग रेग्युलेशन ॲक्टचं कलम १० म्हणतं की मॉरल टर्पिट्यूडच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला बँकेने नोकरीत ठेवायचं नाही, आणि या माणसाला दुखापत केल्याच्या कलम ३२४ खाली दोषी ठरवलेलं होतं, म्हणून बँकेने काढलं. कोर्टाने म्हटलं, प्रत्येक मारामारी टर्पिट्यूड नसते, डोकं फिरलं, हात उचलला, इजा झाली, गुन्हा आहेच, पण त्यावरून माणूस सडका ठरत नाही, कुठलं हत्यार, कुठे मारलं, कशासाठी, हे सगळं बघावं लागतं. तेच लाच, बनावट कागदपत्रं, पैशाचा अपहार, बलात्कार, हे आलं की चर्चाच संपते.

पैशाच्या अपहाराचं एक महाराष्ट्रातलंच उदाहरण देते, कारण ते वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात तरतूद होती, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आलीय, की नोकरीच्या दरम्यान मॉरल टर्पिट्यूडचा गुन्हा ठरेल असं काही केलं आणि त्यावरून कामावरून काढलं तर ग्रॅच्युइटी पूर्ण किंवा थोडी जप्त करता येते. आधी, २०१८ च्या एका निकालावरून, असं समजलं जायचं की त्यासाठी फौजदारी कोर्टात गुन्हा सिद्ध व्हायला हवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तशी गरज नाही, खात्याच्या चौकशीत ते वागणं सिद्ध झालं तरी चालतं. त्यात नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचा एक कर्मचारी होता, खोटा जन्मदाखला देऊन नोकरी मिळवलेला, त्याची पूर्ण ग्रॅच्युइटी गेली, कारण नोकरीच मुळात फसवणुकीवर उभी होती. आणि त्याच निकालात आपल्या एसटीचे कंडक्टरही होते, तिकिटाचे पैसे घेऊन जमा न केलेले. त्यांच्या बाबतीत कोर्टाने रक्कम फार मोठी नव्हती हे बघितलं आणि पंचवीस टक्केच जप्त करायला सांगितली. म्हणजे ओंगळपणातही कमी-जास्त असतं हे कोर्टानेच मान्य केलं, आणि मला ते पटलं, कारण शब्द जरी हो-नाहीचा असला तरी माणसं तशी नसतात.

बाकी ठिकाणं पटकन सांगते. पासपोर्ट ॲक्ट १९६७ प्रमाणे, अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत अशा गुन्ह्यात दोषी ठरून किमान दोन वर्षं कैद झालेली असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, दोन्ही अटी हव्यात, नुसतं दोषी ठरलं म्हणून नाही. वकील व्हायचं असेल तर ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये कलम २४अ आहे, दोषी ठरलेल्याला सनद नाही, पण सुटून दोन वर्षं झाली की ती बंदी उठते. आणि मला मनापासून आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच कलमात अस्पृश्यता पाळल्याच्या गुन्ह्याची शिक्षाही सनद अडवणारी म्हणून वेगळी लिहिलेली आहे. समाजाच्या मनाला धक्का बसतो का यावर सोडलं असतं तर कित्येक गावांत कुणालाच धक्का बसला नसता, म्हणून कायद्याने ते समाजावर सोडलं नाही.

हीच या शब्दाची खरी अडचण आहे बघा. किळस ही समाजाची असते आणि समाज बदलतो. आपल्याकडे व्यभिचार २०१८ पर्यंत गुन्हा होता, कलम ४९७, ते सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, त्याच महिन्यात समलिंगी संबंधांवरचं कलम ३७७ सुद्धा बाजूला केलं. ज्या गोष्टीला लोक कालपर्यंत नाक मुरडत होते ती आज गुन्हा नाही, आणि बायकोला मारणं ही जी "घरातली गोष्ट" होती ती आज गुन्हा आहे. म्हणून कुठलाही जुना निकाल वाचताना साल बघा, त्या काळच्या लोकांना कशाची किळस यायची ते त्यात असतं.

आता अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोरांसाठी, कारण आमच्या ओळखीतच चार घरं सोडून कुणी ना कुणी तिकडे आहे. तिथे दुकानातून वस्तू उचलणं, शॉपलिफ्टिंग, वीस डॉलरची लिपस्टिक का असेना, ते साधारणपणे मॉरल टर्पिट्यूडमध्ये धरलं जातं, कारण त्यात दुसऱ्याची वस्तू कायमची हडपायचा इरादा असतो. आणि दारू पिऊन गाडी चालवणं, जे आपल्याला जास्त भयंकर वाटतं, ते पहिल्यांदा आणि साधं असेल तर त्यात धरत नाहीत, कारण त्यात फसवायचा हेतू नसतो (व्हिसा त्याने वेगळ्या मार्गाने रद्द होऊ शकतो, त्यामुळे निर्धास्त होऊ नका, आणि जीव जातात ते वेगळंच). लहान गुन्ह्याला एक सूट आहे, असा एकच गुन्हा असेल, त्याला जास्तीत जास्त शिक्षा एका वर्षाच्या वर नसेल आणि प्रत्यक्षात सहा महिन्यांच्या वर शिक्षा झाली नसेल तर व्हिसा अडत नाही. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, तिथे कोर्टाने दोषी ठरवलेलंच असायला हवं असं नाही, तुम्ही अधिकाऱ्यासमोर गुन्हा कबूल केलात तरी तो धरता येतो, काउंटेसचं तेच झालं होतं. म्हणून काही प्रकरण असेल तर मुलाखतीच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा, चुलत भावाच्या रूममेटला विचारून चालत नाही.

फॉर्मवर परत येते. त्या रात्री मी भाच्याला सांगितलं, आधी प्रश्न शब्द न शब्द वाच. काही फॉर्म विचारतात "कुठल्याही गुन्ह्यात अटक किंवा शिक्षा झालीय का", तिथे सगळं लिहायचं, अगदी पाचशे रुपयांचा दंडही, अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म असाच विचारतो, माफी मिळाली असली तरी. आणि काही फॉर्म विचारतात "मॉरल टर्पिट्यूडच्या गुन्ह्यात", तिथे प्रश्न अरुंद आहे, ट्रिपल सीट त्यात येत नाही. दोन प्रश्न वेगळे, उत्तरं वेगळी. त्याच्या फॉर्ममध्ये दोन्ही होते, एक पान सोडून, आणि घाबरून त्याने दुसरा वाचलाच नव्हता! ताईचं म्हणणं होतं की दोन्हीकडे नाही लिही, कोण बघतंय. तर ताई, बघतात, पोलीस व्हेरिफिकेशन होतं. आणि २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी यावर नीट सांगून ठेवलंय, की माहिती खरीच द्यायची, प्रकरण अगदी क्षुल्लक असेल तर मालकाने ते सोडून द्यावं, पण लपवाछपवी केली तर तेवढ्यावरूनही निवड रद्द होऊ शकते. ट्रिपल सीटमध्ये टर्पिट्यूड नव्हतं. नोकरीसाठी जाणूनबुजून खोट्या माहितीखाली सही करण्यात ते आलं असतं, कारण तिथे फसवायचा इरादा आला असता.

शेवटी त्याने मॉरल टर्पिट्यूडच्या रकान्यात "नाही" लिहिलं, दुसऱ्या रकान्यात "हो" लिहून खाली तारीख, कोर्ट, दंडाची रक्कम टाकली आणि पावतीची झेरॉक्स जोडली. पावती ताईनेच शोधून दिली, देवघराच्या खणात लाइट बिलांबरोबर ठेवलेली होती.